गेंड्याची पावली आणि 'डबल डाय'चा गोंधळ : नाणं झिजलं, ठसा झिजला की ठसाच वेगळा?

चवलीपावली

मंडळी, नाण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानांवर सध्या 'डबल डाय' हा शब्द फार सैल हाताने वापरला जातोय. डाय म्हणजे नाणं पाडायचा ठसा, आणि डबल डाय म्हणजे त्या ठशातच चित्र दोनदा उमटलेलं. गेंड्याचे पंचवीस पैसे, स्टीलचे दहा पैसे, अगदी अ‍ॅल्युमिनियमचा एक पैसा. अक्षराच्या कडेला जराशी सावली दिसली की 'रेअर डबल डाय एरर' असं लिहून पाचशे-हजार रुपये मागतात. नवीन मुलं देतातही. माझ्या पाहण्यात अशी जी नाणी आली, त्यांतली बहुतेक डबल डाय नव्हती, झिजलेल्या ठशाची होती. झिजलेल्या ठशाचं नाणं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. अभ्यासाला ते फार उपयोगी पडतं. पण त्याला त्याच्याच नावाने ओळखलं पाहिजे, म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट पक्की करू. ठशावर जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं. त्यामुळे नाण्यावर उठलेली रेघ दिसली तर ती ठशातली भेग किंवा ठसा घासून साफ केल्याची खूण असते. नाण्यावर रेघ खोल गेली असेल तर तो बहुतेक वेळा बाहेर पडल्यानंतरचा ओरखडा, मग तो कितीही सुंदर का दिसेना. निम्मे वाद इथेच मिटतात. भिंग दहापट पुरतं. उजेड एकाच बाजूने, तिरका पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. फोटोत उठाव आणि खळगा यांची अदलाबदल झाल्यासारखी दिसते, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नका.

आता झीज. वापराने झिजलेल्या नाण्यावर आधी उंच भाग सपाट होतात. गेंड्याच्या खांद्यावरच्या कातडीच्या घड्या, सिंहांच्या आयाळी आणि चेहरे गुळगुळीत होतात. ठसा झिजला असेल तर गोष्ट उलटी असते. नाणं कोरं करकरीत, चमक शाबूत, आणि तरी अक्षरांच्या कडा मऊ, पसरलेल्या. मोकळ्या जागेत मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, कधी पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. दाब बसला की चकतीचा धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि लाखो वेळा तसा सरकत राहिला की ठशावर त्याच्या वाटा पडतात. म्हणून कडेजवळची अक्षरं आधी बिघडतात आणि कडेच्या दिशेनेच जाड होतात. हीच ती 'सावली', जिला डबल डाय म्हणून विकतात.

तिसरी शक्यता म्हणजे कमजोर ठोका. त्यात ठशाचा सर्वांत खोल भाग भरतच नाही आणि तिथे कोऱ्या चकतीचा मूळचा खडबडीतपणा तसाच राहतो. चौथऱ्यावरचं छोटं चक्र, घोडा आणि बैल पाहा. ते अर्धवट असतील आणि बाकी सगळं टोकदार असेल तर ठशाला दोष देऊ नका.

दुहेरी दिसण्याचे प्रकारही तीन आहेत. खऱ्या डबल डायमध्ये दुसरी प्रतिमा ठशातच कोरलेली असते. त्यामुळे दोन्ही प्रतिमांना गोलाई असते, अक्षराची जाडी वाढते आणि टोकाशी फट पडते. ठोक्याच्या वेळी ठसा सैल असला तर तो हलतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड दाबून टाकतो. तिथे पायरीसारखा सपाट, चकचकीत पट्टा दिसतो आणि मूळ अक्षर बारीक होतं, कारण तो पट्टा अक्षराच्याच अंगातून गेलेला असतो. तिसरी ती वर सांगितलेली ठशाची झीज: पसरट, धूसर, फट नाही. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो. अक्षर जाड झालंय की बारीक? आणि जाड झालं असेल तर फट आहे की नाही?

परदेशी मार्गदर्शकांमध्ये रोमन अक्षरांच्या टोकांकडे बघायला सांगतात. आपल्या नाण्यांवर त्याहून चांगली जागा आहे, ती म्हणजे शिरोरेघ. खरा डबल डाय असेल तर शिरोरेघेच्या दोन समांतर रेषा मिळतील आणि काना जिथे शिरोरेघेला मिळतो त्या कोपऱ्यात खाच दिसेल. ठसा झिजला असेल तर मात्रा आणि शिरोरेघ एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. 'पैसे' शब्दातल्या 'पै'वर दोन मात्रा आहेत. ठशाच्या त्या खाचेत वंगण आणि धूळ बसली की एक मात्रा उठतच नाही आणि 'पेसे' वाचता येतं. अशी नाणी 'स्पेलिंग मिस्टेक' म्हणून विकतात. कोणाही कोरीव काम करणाऱ्याने ते तसं कोरलेलं नाही. तो भरलेला ठसा आहे.

---

नवखा_संग्राहक

फारच उपयोगी, वाचनखूण साठवली. एक शंका. मिंट मार्कचं, म्हणजे टांकसाळीच्या खुणेचं, काय? मला १९८५ चं एक छोटं नाणं 'नोएडा मिंट' म्हणून विकायला आलं आहे. तारखेखाली गोल ठिपका स्पष्ट दिसतो.

---

चवलीपावली

घेऊ नका. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे १९८५ च्या नाण्यावर तिची खूण असू शकत नाही. मुंबईची खूण चौकट (पत्त्यांतली असते तशी), हैदराबादची तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. ठसा झिजला की चौकटीचे कोपरे गोल होतात आणि ताऱ्याच्या पाकळ्यांमधल्या फटी भरतात. मग दोन्ही ठिपक्यासारखे दिसतात. एकट्या खुणेकडे बघून ठरवू नका, शेजारचे तारखेचे आकडे बघा. आकडे मऊ असतील तर खूणही मऊ झालेली असणार. आकडे टोकदार आणि तरी खूण गोल, असं असेल तर मग ठिपका खरा मानायला हरकत नाही. आणि खुणेची जागाच रिकामी दिसली तरी लगेच कोलकाता म्हणू नका, भरलेल्या ठशाने खूण गायब झालेली असू शकते.

---

कोथरूडकर

हाच घोळ १९११ च्या 'डुकरा'चा. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती १९११ च्या नाण्यांवर डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून तो बदलला. रुपयाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वर्षीच्या पाव आण्यावरही तोच हत्ती आहे. आता जुन्या बाजारात १९१८, १९२०, कुठल्याही सालचा गुळगुळीत पाव आणा दाखवून 'पिग आहे साहेब' सांगतात. सोंड झिजली की कोणताही हत्ती डुक्कर दिसणार. साल वाचा, विषय संपला.

---

चवलीपावली

बरोबर. आणि १९११ चा बदल हा डायचा प्रकार नव्हे, आराखड्याचा बदल आहे. त्या आराखड्याचे सगळेच ठसे तसे होते. नेहरूंच्या १९६४ च्या पन्नास पैशांवर एकावर हिंदी आणि एकावर इंग्रजी मजकूर आहे, तेही तसंच. व्हरायटी म्हणायची ती एकाच आराखड्यात, एखाद्या ठशापुरता किंवा काही ठशांपुरता फरक असेल तेव्हा.

---

मशीनशॉप

मी नाणी जमवत नाही, पण भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

डबल डाय होतो कसा, ते सांगतो. हब म्हणजे ज्याने डाय बनवतात तो पोलादी साचा. त्याच्यावर चित्र नाण्यासारखंच उठावाचं असतं. तो कडक केलेला हब मऊ पोलादात दाबला की डाय तयार होतो. अडचण अशी की एका दाबात पूर्ण खोली मिळत नाही. पहिल्या दाबाने पोलाद कामातच कडक होतं, मग त्याला भट्टीत घालून परत मऊ करायचं, आणि त्याच हबखाली पुन्हा, आधीच्या ठशात तंतोतंत बसवून, दुसरा दाब द्यायचा. हे बसवणं केसभर चुकलं, थोडं फिरलं, की डायमध्ये दोन चित्रं. रबरी शिक्का त्याच जागी दुसऱ्यांदा उमटवताना हलावा तसं. फरक इतकाच की इथे चूक शिक्क्यातच कोरली जाते, आणि त्या डायखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर अगदी त्याच जागी, त्याच दिशेने येते.

म्हणून धागाकर्त्यांच्या कसोटीत मी एक भर घालीन. प्रेसमधला सैलपणा दर ठोक्याला वेगळा असू शकतो. एका नाण्यावर सावली उजवीकडे, दुसऱ्यावर नाहीच, तर तो प्रेसचा दोष. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर फट हुबेहूब तीच असेल तर तो डायचा. एकच नाणं हातात असेल तर खात्रीने बोलणं अवघड आहे.

दुसरं, स्टीलबद्दल. धातू जितका कठीण तितका डायवर ताण जास्त. अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते सहज भरतं. स्टेनलेस स्टील भरायला जोर लागतो. म्हणून १९८८ नंतरच्या स्टीलच्या छोट्या नाण्यांवर भेगा आणि पसरलेली अक्षरं जास्त मिळत असतील तर मला त्यात नवल वाटत नाही.

---

चवलीपावली

मशीनशॉप काका, मनापासून आभार. 'कामातच कडक होतं' हा मुद्दा नाण्यांच्या पुस्तकात इतका सरळ वाचायला मिळत नाही. आणि हो, स्टीलचे दहा पैसे (१६ मिमी, २ ग्रॅम, १९८८ ते १९९८) आणि गेंडा (१९ मिमी, २.८३ ग्रॅम) यांच्यावर भेगा खरोखरच भरपूर मिळतात. १९५७ चा ब्राँझचा नया पैसा घेऊन शेजारी ठेवा, 'रुपये का सौवाँ भाग' ही एवढी बारीक अक्षरंसुद्धा कितीदा तरी सुबक उठलेली दिसतील.

---

एडिसनवासी

इकडे अमेरिकेत या छंदाचं मूळ दैवत म्हणजे १९५५ चा लिंकन सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका ठशात तारीख आणि अक्षरं ठळक दुहेरी आली. लक्षात येईपर्यंत ती नाणी दुसऱ्या यंत्रांच्या नाण्यांत मिसळली होती, आणि सगळा ढीग वितळवण्याऐवजी तशीच सोडली. वीस हजारांच्या पुढे बाहेर गेली असा अंदाज आहे. त्यांतली बरीच सिगरेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती आली. मशीनमध्ये पंचवीस सेंट टाकायचे, पाकीट तेवीसचं, म्हणून दोन सेंट पाकिटाच्या कागदातच घालून देत. भिंगाशिवाय दिसतं ते दुहेरीपण.

पण या धाग्याला जास्त लागू पडतो तो त्याच सालचा दुसरा सेंट, ज्याला इथे 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात. त्यात तारखेतला फक्त शेवटचा ५ दुहेरी दिसतो. तो निव्वळ झिजलेल्या ठशाचा परिणाम आहे. लाखोंनी आहेत, किंमत नगण्य, आणि तरी दरवर्षी कोणी ना कोणी फसतो. शेजारी शेजारी ठेवले की फरक पाच सेकंदांत कळतो: खऱ्यात सगळी अक्षरं एकाच दिशेने फिरलेली आणि फटी स्वच्छ, 'गरिबाच्या'त एकच आकडा पसरलेला.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे एकाच दाबात ठसा करायची पद्धत आली. तेव्हापासूनचे डबल डाय बारीक आणि बहुतेक नाण्याच्या मध्याजवळचे असतात.

---

गोदाकाठ

कंपनी सरकारच्या तांब्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १८३५ आणि १८५८ च्या पाव आण्यांवर संग्राहक पानांच्या माळेचं टोक बघतात, एक पान की दोन. हा खरा ठशाचा फरक आहे, कारण पान आपोआप उगवत नाही. पण झिजलेल्या नाण्यावर दोन पानांचं एक होतं. म्हणून 'एक पानाचं' नाणं घेताना माळेतली इतर पानं आणि फळं टोकदार आहेत का ते आधी बघतो. ती मऊ असतील तर 'एक पान' हा पुरावा धरत नाही.

त्यातही साध्या वापराच्या पाव आण्याला चिंच-लिंबू लावून चमकवलेला असला की मी सरळ परत देतो. आम्लाने वरचा थर जातो आणि ज्या बारीक रेषांवरून ठशाची अवस्था ओळखायची, त्याच जातात.

---

शिवराई

यंत्राच्या नाण्यांवर एवढं वाचून आनंद झाला, पण ठशांच्या फरकाचा खरा खजिना आपल्या घरातच आहे. शिवराई! 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईतही पडत राहिलं आणि त्यानंतरही बराच काळ चलनात होतं. इथे हब वगैरे काही नाही. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, म्हणजे प्रत्येक ठसा ही एक व्हरायटीच. 'शिव', 'सिव', 'सीव', 'पति', 'पती', कोरणाऱ्याच्या हातासारखं बदलतं.

अडचण वेगळी आहे. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जातो. ऱ्हस्व वेलांटी कापली गेली की वाचणारा नवीन प्रकार शोधल्याचं जाहीर करतो. मी आधी ठिपक्यांची किनार कुठे दिसते ते बघतो. किनार डावीकडे दिसत असेल तर डाव्या बाजूचा मजकूर पूर्ण आहे, तिथे वेलांटी नसेल तर ती नाहीच. किनार दिसत नसेल त्या बाजूबद्दल बोलायचं नाही.

आणि शिवराईवर दुहेरी अक्षर दिसलं तर तो जवळजवळ नेहमी दोनदा मारलेला हातोडा असतो. डबल डाय हा शब्द इथे वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

---

कोथरूडकर

@शिवराई, मग तुम्ही झिजलेला ठसा कसा ओळखता? तांबं तर इतकं फिरलेलं असतं.

---

शिवराई

जोड्यांवरून. समजा दर्शनी बाजूचा एकच ठसा दोन वेगवेगळ्या मागील ठशांबरोबर सापडला. पहिल्या जोडीत दर्शनी बाजूला भेग नाही, दुसऱ्या जोडीत आहे. म्हणजे दुसरा मागील ठसा नंतर आला. वर हातोडा बसणारा ठसा लवकर फुटायचा, ऐरणीतला जास्त टिकायचा, म्हणून अशा जोड्या बनतात. पुरेशी नाणी जमली की साल नसलेल्या नाण्यांचाही क्रम लावता येतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे, तिथलं संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी अवश्य पाहावं.

---

नवखा_संग्राहक

हे तर गेंड्याच्या नाण्यालाही लागू होईल ना? माझ्याकडे १९९४ चा गेंडा आहे, हैदराबादचा तारा. कडेपासून निघालेली एक उठलेली रेघ गेंड्याच्या पाठीपर्यंत येते. दुकानदाराने 'लाइन एरर, लाखाला जाईल' असं सांगून तीनशे मागितले होते, घासाघीस करून चाळीसला घेतला.

---

चवलीपावली

लाखाला जाणार नाही. अशा आकड्यांच्या मागे अनेकदा फसवणूक असते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क उकळणाऱ्यांविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण चलनातून गेली म्हणजे दुर्मीळ झाली असं नव्हे. किलोवर मिळतात.

पण तुमचं नाणं मला हवंहवंसं वाटतंय! उठलेली रेघ, कडेपासून सुरू, चित्रावरून जाते आणि तिथेही खंडित होत नाही, ही ठशाची भेग आहे. कृपया सांगा: भेग कडेला तारखेच्या डावीकडे मिळते की उजवीकडे? आणि पाठीवर नक्की कुठे थांबते?

---

नवखा_संग्राहक

गेंड्याचं तोंड डावीकडे धरलं तर भेग वरच्या कडेपासून येते, शेपटीच्या बाजूला, घड्याळात एक वाजतो तिथे. पाठीच्या दुसऱ्या घडीपाशी संपते. बाकी अक्षरं बऱ्यापैकी टोकदार आहेत.

---

गोदाकाठ

थांबा. माझ्या स्टीलच्या डब्यात १९९४ चे हैदराबादी गेंडे आहेत. बघून सांगतो.

---

मशीनशॉप

तोवर एक तांत्रिक गोष्ट. डायमधली भेग कधी लहान होत नाही, वाढतेच. शेवटी कडेचा तुकडाच निघतो आणि त्या जागी नाण्यावर आकारहीन गाठ येते. त्यामुळे एकाच भेगेची वेगवेगळ्या लांबीची नाणी मिळाली तर त्यांचा क्रम लावताना चूक व्हायला जागाच नाही.

---

गोदाकाठ

सापडलं! एक वाजण्याच्याच जागी, तीच किंचित नागमोडी रेघ. पण माझ्याकडच्या नाण्यावर ती पाठीला टेकतच नाही, मोकळ्या जागेतच विरते. आणि तुमच्यापेक्षा तारा जास्त स्पष्ट आहे, पाचही पाकळ्या मोजता येतात. फोटो दोन बाजूंनी उजेड घेऊन टाकले आहेत.

---

चवलीपावली

दोन्ही फोटो एकावर एक ठेवून बघितले. भेगेची नागमोड, कडेला मिळण्याची जागा आणि तिथल्या अक्षरापासूनचं अंतर जुळतंय. एकच ठसा. गोदाकाठ यांचं नाणं आधीचं, नवखा यांचं नंतरचं. दोन्हींच्या अशोकस्तंभाच्या बाजूचेही फोटो टाका. ती बाजूही एकाच ठशाची आहे की मध्येच बदलली, ते बघू. आणि ज्यांच्याकडे १९९४ चा तारा असलेला गेंडा आहे त्यांनी एक वाजण्याच्या जागी कड तुटून गाठ आलेलं नाणं शोधा. असलं तर ते याच ठशाचं शेवटचं असण्याची शक्यता आहे.

---

कोथरूडकर

रविवारी जुन्या बाजारात जातोय. किलोच्या ढिगात हात घालतो.